घट्ट पाणी

वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांनी तिचं नाव 'घोटबाई' ठेवलं होतं. नावं ठेवण्यात त्या मंडळींचा हात धरणारं कोणी नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाशी बोलणाऱ्या आजी 'टाइमबाई', दुसऱ्याच्या ताटात डोकावणारे आजोबा 'इन्स्पेक्टर', आणि ही 'घोटबाई'. ती स्पीच थेरपिस्ट होती. म्हणजे म्हाताऱ्या माणसांची गेलेली वाचा परत आणण्याचं काम. पण ज्या जिभेने आणि घशाने माणूस बोलतो त्यांनीच तो गिळतो, आणि बोलणं बिघडलं की बहुतेक वेळा गिळणंही बिघडतं. त्यामुळे तिचा अर्धा दिवस लोकांच्या गळ्याकडे बघण्यात जायचा.

"घ्या घोट. थांबा. गिळा. आता 'आ' म्हणा."

घोट नीट खाली गेला असेल तर 'आ' स्वच्छ येतो. पाणी वाट चुकून श्वासनळीच्या तोंडाशी साचलं असेल तर त्याच 'आ'मध्ये गुळणी केल्यासारखी खरखर येते. ती खरखर ऐकायला ती जिवाचा कान करून बसायची. खरखर आली की त्या माणसाचं पाणी, चहा, सूप, सगळं पावडर घालून घट्ट करायचं असं ती सांगायची, कारण घट्ट पाणी सावकाश उतरतं आणि ढिल्या पडलेल्या घशाला तयारीला वेळ मिळतो. यात चूक काहीच नव्हती. चूक असलीच तर एवढीच, की तिच्या मजल्यावर आता जवळपास सगळेच घट्ट पाणी पीत होते.

"मॅडम, थोड्या दिवसांनी इथल्या माशांनाही पावडर लावाल तुम्ही," मोठ्या सिस्टर हॉलमधल्या काचेच्या टाकीकडे बोट दाखवून म्हणायच्या. सगळे हसायचे. तीही हसायची, आणि हसताहसता कोपऱ्यात कोण खोकलं ते बघायची.

तिला भीती वाटायची. आडून आडून कशाला सांगा, तिला फार भीती वाटायची. शिकत असताना तिने एक्स-रेच्या खोलीत एका आजोबांना गिळताना पाहिलं होतं. पडद्यावर दिसावं म्हणून पाण्यात पांढरं औषध कालवलेलं होतं. आजोबा प्याले, त्यांनी ओठ पुसले, आणि "छान आहे" म्हणून गालात हसले. पडद्यावर मात्र ती पांढरी धार सरळ फुफ्फुसात उतरत होती. ठसका नाही, खोकला नाही, काही नाही. माणूस हसत होता आणि आतल्या आत बुडत होता. शिकवणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "खोकणाऱ्याची चिंता कमी करा. ठसका म्हणजे दारावरचा राखणदार जागा आहे. राखणदार झोपला की हे असं होतं."

तिने ते लिहून घेतलं, परीक्षेत लिहिलं, पुढे नव्या मुलींना शिकवलंसुद्धा. पण भीतीला शिकवणी लागू पडत नाही. पुढे कोणी खोकलं की तिच्या काळजाचा ठोका चुकायचा, आणि नाही खोकलं की त्याहून जास्त चुकायचा. घरी जेवताना ती सगळ्यांचे घोट ऐकायची. नवऱ्याला म्हणायची, "आधी गीळ, मग बोल." मुलगी खेळून धापा टाकत आली आणि उभ्याउभ्या पाण्याची बाटली तोंडाला लावली, की ही हातातलं काम टाकून तिच्यासमोर जाऊन उभी राहायची.

"अगं, तुझ्या घरात पाणी प्यायचं म्हणजे तोंडी परीक्षा देण्यासारखं आहे," सासूबाई म्हणायच्या. "पास झाले का मी? की पुन्हा 'आ' करू?"

अशात वर्षाच्या सुरुवातीला मास्तर आले.

मास्तरांनी उभा जन्म पोहण्याच्या तलावाच्या काठावर काढला होता. त्या शहरातली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर पालथी पडून पोहायला शिकली होती. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू लुळी केली आणि वाचा नेली. पेला समोर धरून "हे काय?" विचारलं तर ते घामाघूम व्हायचे, पण शब्द यायचा नाही. पण जन्मभर घोकलेले शब्द अशा झटक्यातूनही पुष्कळदा वाचतात, हे तिला ठाऊक होतं. एक दिवस तिने त्यांच्या शेजारी बसून नुसतंच म्हटलं, "एक... दोन..."

"तीन, उडी!" मास्तर गरजले. टाइमबाई दचकून खुर्चीतून उठल्या.

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. 'उडी'च्या मागोमाग 'श्वास' आला, 'हात मार' आला, 'पुन्हा' आला. लेक भेटायला आली की मास्तर तिला "पाय हलव" म्हणायचे आणि ती हसताहसता डोळे पुसायची. बोलण्यात असा जीव येत होता. गिळण्याचं मात्र थेरपिस्टने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. पहिल्या चमच्याला मास्तरांना ठसका लागला, चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. तिने पेला काढून घेतला. घट्ट पाणी. पुन्हा तपासायचं, पुन्हा तपासायचं म्हणत महिने गेले. तपासायचं म्हणजे पुन्हा तो चमचा तोंडाला लावायचा, आणि तेवढा धीर तिला कधी झाला नाही.

उन्हाळा तापला तसे मास्तर मलूल होत गेले. हनुवटी छातीवर टेकवून बसायचे. तिने "एक, दोन" म्हटलं तर नुसते बघायचे. तिच्या तोंडचं पाणी पळालं. आणखी एक बारीक झटका येऊन गेला असणार, घसा आणखी ढिला झाला असणार, असं तिने मनाशी ठरवलं, आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन म्हणाली, "मास्तरांचं आणखी घट्ट करा. चमचा उभा राहील इतकं."

चमचा उभा राहिला. मास्तरांनी ओठ मिटले. तिने चमचा पुढे केला तेव्हा त्यांनी मान भिंतीकडे वळवली, आणि तिला वाटलं, रुसले आहेत.

ठरलेल्या दिवशी फिरतीवरचे डॉक्टर आले. त्यांनी मास्तरांच्या छातीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी जागेवर गेली नाही. घडी घातलेल्या कापडासारखी तशीच उभी राहिली.

"यांच्या अंगात पाणीच नाहीये," डॉक्टर म्हणाले. "किती पितात दिवसाला?"

मोठ्या सिस्टरांनी खाणंपिणं बघणाऱ्या मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "पेला जसा नेते तसाच आणते. तोंड उघडतच नाहीत."

"आत्ता सलाईन लावा. पण असं किती दिवस चालवणार? तोंडाने घेत नाहीत म्हटल्यावर उद्या सकाळी हॉस्पिटलात हलवा. नाकातून नळी घालून घेऊ." डॉक्टरांनी तिच्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं, "गिळणं इतकं बिघडलंय का?"

ती "हो" म्हणणार होती. जिभेवर आलेलंच होतं. पण तिने आधी टॉर्च घेऊन मास्तरांचं तोंड उघडून पाहिलं. टाळूला घट्ट पाण्याचा थर चिकटून वाळला होता. कडा पापुद्र्यासारख्या सुटलेल्या. जीभ पुठ्ठ्यासारखी. झटका नव्हता आला. घसा आणखी ढिला झाला नव्हता. माणूस तहानेने झोपाळला होता, आणि जसजसा झोपाळत होता तसतसं ती पाणी घट्ट करत होती.

'हे मी केलंय' हे एकच वाक्य तिच्या डोक्यात घुमायला लागलं. "बघते," इतकंच कसंबसं म्हणून ती बाहेर पडली आणि स्वयंपाकघरात गेली. कपाटातून पावडरचा डबा काढला, एक पेला घट्ट पाणी केलं आणि स्वतः तोंडाला लावलं. असं पेलेच्या पेले पाणी तिने जन्मभर दुसऱ्यांना पाजलं होतं. स्वतः चमचाभर चाखण्यापलीकडे कधी गेली नव्हती. पहिला घोट गेला. दुसरा जिभेवरच रेंगाळला. तिसऱ्याला तिला उमासा आला. पाणी पोटात जात होतं आणि तहान होती तिथेच होती. तिने पेला मोरीत ओतला, नळाखाली ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्याली. मग तिथेच ओट्याला टेकून रडली.

परत आली तेव्हा मास्तरांची लेक येऊन बसली होती. सलाईन थेंब थेंब उतरत होतं. लेकीने वडलांचा डावा हात दोन्ही हातांत धरला होता.

"मागच्या वेळी, झटका आला तेव्हा, हॉस्पिटलात त्यांनी नाकातली नळी उपसून काढली, मॅडम. मग त्यांचे हात बांधले. पलंगाच्या दांड्यांना. मी भेटायला गेले तर बाबा माझ्याकडे बघेनात." तिने हातातल्या हाताकडे पाहिलं. "या हातांनी कधी कुणा पोराला ढकललं नाही हो. बाकीचे मास्तर द्यायचे ढकलून. बाबा काठावर पोराच्या शेजारी उभे राहायचे, एक, दोन म्हणायचे आणि थांबायचे. तीन पोराने स्वतः म्हणायचं. दिवस गेला तरी चालेल."

"आणि नाकातोंडात पाणी गेलं म्हणजे?"

"हातभर अंतरावर उभे राहायचे. धरायचे नाहीत. खोकून खोकून पोर शांत झालं की म्हणायचे, 'पुन्हा.'"

थेरपिस्ट खुर्ची ओढून समोर बसली. तिने ठरवलं होतं की समजावून, बेताने बोलायचं. पण तोंडून सरळच निघालं.

"ताई, यांचं हे असं झालंय ते माझ्यामुळे. मी पाणी घट्ट करत गेले आणि ते प्यायचे थांबले. मला दुपारी त्यांना साधं पाणी देऊन बघायचंय. पातळ पाणी. प्याले तर नळी टळेल. पण ते पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. न्यूमोनिया होऊ शकतो. त्यात माणूस जाऊही शकतो."

लेक तिच्याकडे बघत राहिली. राग आला असेल तर तो तिने गिळला. "आणि नळी घातली तर न्यूमोनिया होत नाही?"

"तरीही होतो."

"तुम्हाला काय वाटतं, होईल का नीट?"

"मला माहीत नाही. मला भीती वाटतेय."

लेकीने वडलांकडे पाहिलं. मास्तरांचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ते सलाईनच्या थेंबाकडे बघत होते. थेंब पडला की त्यांचे ओठ हलायचे.

"द्या," लेक म्हणाली.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, देऊन बघा, पण तोंड आधी स्वच्छ करून घ्या. आणि ताप आला, श्वास वाढला, तर लगेच कळवा, एक क्षण घालवू नका. तिलाही ते पाठ होतं. चमचाभर स्वच्छ पाणी चुकून आत गेलं तर फुफ्फुसं बहुतेक वेळा ते जिरवून टाकतात. घात करते ती पाण्याबरोबर जाणारी तोंडातली घाण. हे तिने किती वर्षं नुसतं माहीत करून ठेवलं होतं. आज पहिल्यांदा ती त्याच्या भरवशावर कुणाच्या तोंडात पाणी घालणार होती.

दुपारपर्यंत सलाईनने काम केलं. मास्तरांनी डोळे उघडले, लेकीला ओळखलं. थेरपिस्टने ओल्या बोळ्याने त्यांची टाळू भिजवली, थर मऊ पडू दिला, आणि मग हळूहळू, तुकड्या-तुकड्याने सोडवला. दात, हिरड्या, जिभेखालची जागा. सुईण तान्ह्या बाळाला न्हाऊ घालते तितक्या निगुतीने. मास्तरांना ताठ बसवलं, पाठीला उश्या लावल्या, हनुवटी जराशी खाली. दारात मोठ्या सिस्टर घशातलं पाणी ओढून काढायचं सक्शनचं मशीन घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे मावशी. इन्स्पेक्टर आजोबांचीही व्हीलचेअर आली, त्यांना कोण अडवणार?

तिने चमचा भरला. साधं, नळाचं, उकळून गार केलेलं पाणी. चमचा मास्तरांच्या ओठांपर्यंत नेला आणि तिचा हात थांबला.

पुढे जाईना. तिच्या डोळ्यांसमोर ती पांढरी धार आली, ते आजोबा आले, त्यांचं ते "छान आहे" आलं. मनात म्हणाली, नळीच बरी. नळीने काही झालं तर ते माझ्या हातून नसेल. असा विचार मनात आला याची तिला लाज वाटली, तरी हात पुढे होईना.

मास्तरांनी चमच्याकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे. जन्मभर काठावरचे असे चेहरे बघत आलेला माणूस तो. त्यांनी डावा हात उचलला, तळवा वर करून तिच्यासमोर आपल्या मांडीवर ठेवला.

"एक," मास्तर म्हणाले. घोगरा, फाटका आवाज. "दोन."

आणि थांबले.

लेकीने तोंडावर पदर धरला. थेरपिस्टने त्या तळव्याकडे पाहिलं. मास्तर थांबूनच होते. घाई नव्हती त्यांना.

"तीन," ती म्हणाली, आणि पाणी त्यांच्या जिभेवर ओतलं.

तिची बोटं त्यांच्या गळ्यावर होती. कंठमणी बोटांखाली वर उचलला गेला, आणि उतरला. मास्तरांचा चेहरा उजळला, आणि ते गालात हसले.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. अगदी तसंच हसू. ठसका नाही, खोकला नाही. "आ म्हणा," ती म्हणाली. आवाज तिचाच तिला ओळखू येईना. "मास्तर, 'आ' म्हणा. 'आ'!"

"आऽऽ," मास्तर म्हणाले.

स्वच्छ. घोगरा होता, पण पाण्याची खरखर नव्हती. तिने दुसरा चमचा दिला. पुन्हा 'आ'. तिसरा. मग मास्तरांनी चमच्याकडे दुर्लक्ष करून डाव्या हाताने सरळ पेलाच धरला, आणि ती नको म्हणेपर्यंत एक घोट घेतला. मोठा. तहानलेल्या माणसाचा.

आणि ठसका लागला.

मास्तर खोकायला लागले, चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मोठ्या सिस्टर मशीन घेऊन धावल्या. लेक ओरडली, "बाबा!" मावशींनी त्यांची पाठ चोळायला हात पुढे केला.

"थांबा!" थेरपिस्ट ओरडली. "कोणी हात लावू नका. खोकू द्या."

ती स्वतः अर्धी उठलेली होती. तिने हात मागे घेतले आणि हातभर अंतरावर उभी राहिली. कान त्यांच्या श्वासाशी लावलेले. प्रत्येक खोकल्यानंतर हवा आत जात होती. जोरात, शिट्टीसारखी, पण जात होती. राखणदार जागा होता, धक्के मारून पाण्याला बाहेर काढत होता. मनात ती कुठल्या कुठल्या देवांना हाका मारत होती, पण जागची हलली नाही. खोकला मंदावला. एक उरला. थांबला.

"आ म्हणा."

"आऽऽ."

स्वच्छ. ती मटकन खुर्चीत बसली. "पुरे," ती म्हणाली. "आजच्यापुरतं पुरे, मास्तर."

मास्तरांनी ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातातला पेला पुढे केला.

"पुन्हा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरून निघायच्या तयारीत असताना फोन वाजला. आश्रमाचा नंबर. संध्याकाळी ताप नव्हता, झोपताना विचारलं तेव्हाही नव्हता. पण ताप पहाटेही येतो. तिने फोन वाजू दिला. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, घे की." घेतला.

"मॅडम," मोठ्या सिस्टरांचा आवाज. "मास्तर..."

तिने डोळे मिटले.

"मास्तर पाणी मागतायत. ताप नाही, श्वास ठीक आहे, लेक आली आहे. तोंड धुतलं, ताठ बसवलंय. डॉक्टर म्हणतात, हॉस्पिटलचं आज राहू दे. तुम्ही येईपर्यंत थांबवू, की देऊ?"

तिच्या नजरेआड. तिची बोटं त्या गळ्यावर नसताना. तिच्या जिभेवर 'थांबा, मी येते' तयार होतं.

"द्या," ती म्हणाली. "घोट घोट."

"फोन चालू ठेवू का तुम्हाला ऐकायला?" सिस्टर तिला इतकी वर्षं ओळखत होत्या. चिडवत नव्हत्या, खरंच विचारत होत्या.

पलीकडून पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लेक म्हणत होती, "बाबा, हळू."

"नको," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिच्या पाठीमागे मुलगी शाळेला निघताना उभ्याउभ्या, घटाघटा पाणी पीत होती. घोट मोठे होते, घाईघाईचे. तिने दाराच्या कडीवर हात घट्ट धरून ठेवला आणि वळून पाहिलं नाही.